आजचो दिस रवा!

परतीचा प्रवास जाण्याच्या प्रवासापेक्षा लहान वाटतो, असा शोध नेदरलँड्समधल्या काही मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली लावला. माणसं बसने नेली, सायकलवर धाडली, परत आल्यावर प्रश्न विचारले आणि निबंध प्रसिद्ध केला. कारणही दिलं. म्हणे, जाताना आपण भलती उमेद बाळगतो आणि वाट अपेक्षेपेक्षा लांब निघते. मग येताना आपण धसका घेऊनच बसतो, त्यामुळे ती तेवढी वाईट वाटत नाही. नेदरलँड्स हा सपाट देश आहे, असं भूगोलाच्या पुस्तकात वाचलं होतं. विद्वानांच्या निष्कर्षांवरही जमिनीचा परिणाम होत असावा. त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, एकदा जूनच्या मध्याला, शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, कणकवलीहून डोंबिवलीला मोटारीने या. सोबत दोन मुलं घ्या. डिकीत एक पिकलेला फणस घ्या. मग धसका कुठवर पुरतो ते पाहू.

माझं भांडण रस्त्याशी नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ सालीच सुरू झालं, तेव्हा आमचा थोरला रांगत होता. २०२५ च्या जूनमध्ये त्याला मिसरूड फुटलं होतं आणि आम्ही माणगावच्या बाजारपेठेत उभे होतो. पण रस्त्याला शिव्या सगळेच देतात, त्यात माझी भर कशाला? 'मग रेल्वेने जा' असंही शहाणे सांगतात. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली तेव्हा आम्हीही आनंदाने टाळ्या वाजवल्या होत्या. आता साठ दिवस आधी आरक्षण उघडतं, आणि मी चष्मा शोधून डोळ्यांवर चढवेपर्यंत सुट्टीतल्या गाड्यांची प्रतीक्षा यादी तीन आकडी झालेली असते. तेव्हा तेही सोडा.

माझं भांडण आहे ते 'शेवटच्या दिवसा'शी. सुट्टी रविवारी संपते म्हणजे रविवारीच निघायचं, हा जो आपल्या घराघरांतला अलिखित कायदा आहे, त्याच्याशी. शनिवारी निघतो म्हणालात की तुम्ही माणूसघाणे ठरता. आमचा दादा ओटीवर बसल्या बसल्या म्हणतो, "एवढी घाई कित्याक? आजचो दिस रवा, फाल्यां जावा." वहिनी काही बोलत नाही, नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळते. मुलं तर दादाच्याच पक्षातली. चार मतं विरुद्ध एक. हिचं मत मी कधी विचारलंच नव्हतं, हे पुढे येईलच.

आता हा मागून घेतलेला दिवस जातो कसा, ते पाहा. सकाळपासून घरात दोऱ्या शोधतात. उकड्या तांदळाची गोणी शिवायची असते. आगळाच्या बाटल्यांना प्लास्टिक बांधायचं असतं, ते बांधूनही त्या वडखळच्या आसपास पाझरतातच. कुळथाच्या पिठाचा डबा भरला जातो, रिकामा केला जातो आणि मोठ्या डब्यात पुन्हा भरला जातो. धाकटीची एक चप्पल विहिरीपाशी राहिलेली असते आणि विहिरीपाशी मिळते ती दुसऱ्याच कुणाची. ज्या दादासाठी आपण राहिलो तो फणस कापायचा की अख्खा न्यायचा यावर गड्याशी हुज्जत घालत असतो. कुणी कुणाजवळ पाच मिनिटं बसत नाही. सबंध सुट्टीत जेवढं बोलणं होत नाही तेवढं त्या दिवशी होतं हे खरं, पण ते सगळं "हे घेतलंत का?" याच विषयावर.

निघण्याची वेळ सकाळी सहाची ठरते. सहाला चहा. सातला 'उपाशीपोटी जाणार की काय' म्हणून पेज. नऊला शेजारचे काका भेटायला येतात, कारण काल ते येणार होते. मग दादा देवासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो. प्रवास सुखाचा होऊ दे, पोरांना विद्या येऊ दे, गाडीचं चाक पंक्चर होऊ नये, अशी एकेक कलमं निघतात आणि आम्ही दर कलमाला 'होय महाराजा' म्हणतो. या गाऱ्हाण्यात 'आज तरी ह्यांका येळेवर जावक गावांदे' असं एक कलम घालावं, असं मला दर वर्षी वाटतं. अकरा वाजले की "आता जेवूनच जावा." दोनला गाडी सुरू होते.

१५ जून २०२५ ला आम्ही असेच दोनला निघालो. पाऊस होताच. राजापूर, लांजा, हातखंबा झालं. चिपळूणच्या पुढे मुलांनी "आलं का?" विचारणं सोडून दिलं, तेव्हा मला जरा बरं वाटलं, मग कळलं की ती रुसली आहेत. महाडला सावित्रीच्या पुलावर गाडी चढली की आमच्या गाडीत आपोआप शांतता होते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला जुना पूल पुरात वाहून गेला आणि एस.टी.च्या दोन गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. नवा पूल भक्कम आहे, तरी पुराचं पाणी दिसलं की हात स्टिअरिंगवर घट्ट होतात. माणगावात पावणेदोन तास. फणसाने एव्हाना गाडीचा पूर्ण ताबा घेतला होता.

आणि नागोठण्याच्या पुढे, रात्री एकच्या सुमाराला, माझे डोळे मिटले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. "अहो!" एवढाच शब्द ऐकू आला आणि समोर ट्रकचे लाल दिवे दिसले, इतके जवळ की त्याच्या मागे रंगवलेलं कमळ आजही मला पाकळ्यांसकट आठवतं. ब्रेक लागला. मुलं झोपेतच पुढे सरकली. कुणाला काही झालं नाही. पुढच्या टपरीवर मी दोन चहा घेतले. ही काही बोलली नाही.

घरी पोचलो पावणेतीनला. मी "दमलो बुवा" म्हणून आडवा झालो. साडेपाचला जाग आली ती कुकरच्या शिट्टीने. पंधरा दिवस बंद असलेलं घर, आंबट वासाचा फ्रिज, ओले टॉवेल, दूधवाला अजून सुरू नाही, आणि सात वाजता धाकटीची शाळा. ही गणवेशाला इस्त्री करत होती आणि डब्यात काय द्यावं याचा विचार करत होती. गावीही पंधरा दिवस ती चुलीपाशीच होती म्हणा. मी म्हटलं, "जरा पडायचंस." ती म्हणाली, "कधी?"

या 'कधी'ला दादाकडे उत्तर नाही, डच पंडितांकडे नाही आणि माझ्याकडेही नव्हतं. शेवटच्या दिवसाचं बिल येतं ते सोमवारी, आणि ते ज्याने दिवस मागितला त्याच्या नावावर कधीच फाटत नाही.

दादाची बाजू मला कळत नाही असं नाही. त्याने पासष्टी ओलांडली आहे. आम्ही गेल्यावर ते घर कसं होत असेल, ते मला माहीत आहे. आम्ही लहान असताना मुंबईचे पाहुणे गेले की मी स्वतः त्या ओटीवर रडलो आहे. पण मग तो दिवस पुढून जोडा ना! सुट्टी लागल्यावर 'जरा कामं उरकू, उन्हं उतरू देत, बॅगा भरू' म्हणत आपण दोन-तीन दिवस डोंबिवलीत सहज घालवतो. त्यांच्यासाठी कुणी ओटीवर बसून हट्ट करत नाही.

म्हणून त्या दिवाळीत मी एक दिवस आधी गेलो आणि एक दिवस आधी निघालो. शनिवारी पहाटे, पेजेआधी. दादा तोंड फिरवून उभा राहिला. गाऱ्हाणं तेवढं घातलं, पण दोनच कलमांत आटपलं. संध्याकाळी सातला आम्ही घरी होतो. रविवारी सकाळी नऊ वाजले तरी ही उठली नव्हती, असं लग्नानंतर मी प्रथमच पाहिलं. मी चहा केला. थोडा जळला.

इतक्यात फोन वाजला. दादा.

"आज ताजी सुरमय गावली रे," एवढं म्हणून तो गप्प राहिला.

ही झोपली होती, म्हणून मी अगदी हळू आवाजात विचारलं, "केवढी होती?"