ग्राफिक्स कार्ड: आधी वॅट पाहा

जुने ग्राफिक्स कार्ड बंद पडले, की दुकानात पहिला प्रश्न असतो, 'किती जीबीचे हवे?' खरे तर आधी वॅट विचारायला हवेत. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. 'आरटीएक्स ३०५०'चे ६ जीबीचे कार्ड सुमारे ७० वॅटवर चालते; त्याच नावाच्या ८ जीबीच्या कार्डाला १३० वॅट लागतात. म्हणजे पॉवर सप्लायची वेगळी केबल आली. जुना पॉवर सप्लाय अपुरा ठरला, तर त्याचाही खर्च वाढतो. ८ जीबीचे कार्ड अधिक वेगवान, हे मान्य. पण अंथरूण पाहून पाय पसरायचे, तर इथे अंथरूण म्हणजे पॉवर सप्लाय. दुकानात जाण्यापूर्वी त्याच्यावरचे लेबल वाचा.