सरवा मालकाचा नव्हे

गोरगरिबांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास येशूलाच साक्षीला उभा करतो. गरीब कायमच असणार असं प्रभूच सांगून गेला, मग आपण कुठवर पुरे पडणार? ऐकायला हे भाविकपणाचं वाटतं, पण यात शास्त्राचा अर्धाच भाग घेतलेला आहे.

प्रसंग बेथानीतला, शिमोन कुष्ठरोग्याच्या घरचा. एका बाईने येशूच्या मस्तकावर जटामांसीचं सुगंधी तेल ओतलं. किंमत 300 दिनारांहून जास्त, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई. ते विकून पैसे गरिबांना का दिले नाहीत, असा आक्षेप निघाला. (योहानाच्या म्हणण्याप्रमाणे आक्षेप घेणारा यहूदा होता आणि थैलीतले पैसे तोच लांबवायचा. गरिबांच्या नावाने गळा काढणारे तेव्हाही होते तर!) येशूच्या उत्तराचा पूर्वार्ध सगळ्यांना पाठ असतो. मनात आणाल तेव्हा त्यांचं भलं करता येईल, हा मार्काने दिलेला पुढचा भाग मात्र कुणाच्या तोंडी येत नाही. शिवाय या बोलण्यामागे अनुवादाचा 15वा अध्याय आहे. देशात गरीब असणारच हे तिथे मान्य केलंय आणि म्हणूनच हात सैल सोडा, अशी आज्ञा दिलीय. आज्ञेचं कारणच सबब म्हणून पुढे करणं ही निव्वळ पळवाट आहे.

दुसरा आवडता आधार पौलाचा: काम नाही तर खाणं नाही. थेस्सलनीकातल्या ज्या लोकांना उद्देशून हे लिहिलंय, ते काम करायला तयार नसलेले, इतरांच्या कारभारात नाक खुपसत फिरणारे होते. ज्याला काम मिळत नाही किंवा ज्याच्याने होत नाही, त्याला हा नियम लावायचा कसा? हाच पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी करिंथ आणि मासेदोनियाच्या मंडळ्यांकडून वर्गणी गोळा करत होता.

तरीही देणं ही देणाऱ्याची मर्जी, एवढं तर खरं ना? मोशेच्या नियमशास्त्राला तेही मान्य नाही. शेताचे कोपरे कापायचे नाहीत, गळलेली कणसं उचलायची नाहीत, शेतात विसरलेली पेंढी आणायला माघारी जायचं नाही. ते सगळं गरिबाचं, परक्याचं, विधवेचं आणि पोरक्याचं. रूथ तर मवाबी, म्हणजे परदेशी, वर विधवा. बवाजाच्या शेतात ती दिवसभर सरवा वेचत राहिली आणि संध्याकाळी तिने स्वतःच झोडपला तेव्हा एफाभर सातू निघाले. बवाजाने गड्यांना बजावलं होतं की पेंढ्यांतून मुद्दाम थोडी कणसं ओढून टाका आणि तिला दटावू नका. तिला कुणापुढे पदर पसरावा लागला नाही.

कर्जाचंही तसंच. गरिबाचं पांघरूण गहाण घेतलं तर सूर्य मावळण्याआधी परत करायचं, कारण रात्री त्याला दुसरं काही नसतं. असल्याच गहाण वस्त्रांवर वेदीपाशी पसरणाऱ्या सावकारांवर आमोस संदेष्टा तुटून पडला.

हे कायदे व्यवहारात टिकले का? सगळे नाही. नियमशास्त्राप्रमाणे सातव्या वर्षी कर्जं माफ होणार म्हणून सावकार कर्जच देईनात, तेव्हा यहूदी धर्मगुरू हिल्लेलने ती माफी लागू न होण्याची तोड काढली. पण तीही गरिबाला कर्ज मिळत राहावं म्हणून. अडचण आली तरी गरिबाचा हक्क सोडायचा नाही, ही वृत्ती इथे दिसते.

मिश्ना या यहूदी नियमसंग्रहाने तर गरिबांसाठी सोडायच्या कोपऱ्याचं मापच ठरवलं: साठाव्या हिश्श्याहून कमी नको. एकाला वेचू देणारा आणि दुसऱ्याला हुसकावणारा, किंवा आपल्या मर्जीतल्या गरिबाला वेचायला हात लावणारा मालकसुद्धा गरिबांना लुटतो, असा तिचा निवाडा आहे. आपल्या मंडळीत मदतीची यादी कोण करतं आणि तिच्यातून कोण गळतं, ते या रविवारी विचारून पाहा.