बारापेड्याच्या गुहेत गर्दी नको

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, भीमगडाच्या रानात तळेवाडीजवळ बारापेडे नावाच्या गुहा आहेत. जवळपास 90 वर्षे एका वटवाघळाचा साऱ्या जगात तेवढाच ठावठिकाणा माहीत होता. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या सस्तन प्राणी सर्वेक्षणात ते हाती लागले आणि 1913 मध्ये ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफिल्ड थॉमस यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. या सर्वेक्षणासाठी खपलेले वनाधिकारी रॉटन यांचे नाव त्याला मिळाले.

कान मोठे, थेट नाकाडाच्या पुढे झुकलेले. अंग गडद तपकिरी, मानेमागे फिकट राखाडी पट्टा आणि शेपटीचा शेंडा पडद्याबाहेर मोकळा. खाणे फक्त किड्यांचे. फळबागेशी याचा काडीचाही संबंध नाही. हे मुद्दाम सांगावे लागते. फळे खाणारी वटवाघळे 2022 च्या दुरुस्तीपर्यंत आपल्या वन्यजीव कायद्यात उपद्रवी म्हणून नोंदलेली होती आणि लोक सगळ्याच वटवाघळांना त्याच नजरेने पाहतात. रॉटनच्या वटवाघळाला मात्र त्याच कायद्याने पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला बसवले आहे.

2000 च्या सुमारास ते कंबोडियात आणि मग मेघालयातही आढळले. पुढे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला अतिसंकटग्रस्त यादीतून काढून ‘अपुरी माहिती’ या रकान्यात टाकले. याला सुटका समजणे चूक आहे. मेघालयात वटवाघळे सापडली म्हणून बारापेड्यातली वाढत नाहीत. इथली वसाहत फार तर शंभराच्या आसपासची. त्यातून बहुतेक वटवाघळांना वर्षाला एकच पिल्लू होते. एकदा संख्या घटली की ती भरून यायला कितीतरी वर्षे जातात.

आणि ती घटवायला बंदूक लागत नाही. दिवसा टॉर्चचा झोत, गलका, धूर एवढे पुरते. पोटाशी पिल्लू धरलेली मादी बिथरून उडाली तर पिल्लू खाली पडते. वारंवार त्रास झाला तर वटवाघळे गुहाच सोडतात.

2011 मध्ये कर्नाटक सरकारने भीमगडचे सुमारे 190 चौरस किलोमीटर जंगल अभयारण्य म्हणून जाहीर केले. ते चांगलेच झाले, पण एवढ्या जंगलात या जिवाचे घर म्हणजे डोंगरातली एक पोकळी आहे. म्हादईच्या उगमाचा हा मुलूख. बेळगाव, गोवा, कोल्हापूरकडच्या भटक्यांना तो खुणावणार, हे स्वाभाविक आहे. त्यांनी भीमगड पाहावा, रान पाहावे. गुहेत मात्र पाऊल टाकू नये. वनखात्याने तिथे परवानगीचीही पळवाट ठेवू नये. संशोधकांनाही पिलांच्या काळात बाहेरच थांबवावे.

मोजणी बाहेरूनही होते. संध्याकाळी गुहेच्या तोंडाशी इन्फ्रारेड कॅमेरा लावून बाहेर पडणारी वटवाघळे मोजता येतात. हे काम तिथल्याच वाड्यांतल्या तरुणांना पगार देऊन सोपवावे आणि दरवर्षीचा आकडा खात्याने जाहीर करावा.