सवलत पहिल्या वर्षाची, वर्गणी कायमची

गिरगावातील लग्नपत्रिकांची दुकाने, दादरच्या गल्ल्यांतील डीटीपी केंद्रे, परळ-लालबागच्या गाळ्यांत फ्लेक्स छापणारे आणि व्यापाऱ्यांचे हिशेब लिहून देणारे, या सर्वांकडे आज एकाच धाटणीची जाहिरात येत असते. अमुक क्लबाचे सभासद व्हा, तमुक कार्ड घ्या आणि हजारो रुपयांचे सॉफ्टवेअर पहिल्या वर्षी निम्म्या दरात मिळवा. सोबत ईमेल, वेबसाइट आणि फाइली ठेवायला ऑनलाइन जागा मोफत. धंद्यात सवलत कोणाला नको असते? परंतु या सवलतीचा हिशेब आपण चुकीच्या टोकाकडून मांडतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपण विचारतो, पहिल्या वर्षाचा दर काय? विचारायला हवे ते असे की, सभासदत्व संपेल त्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या हातात काय उरेल?

संगणकाच्या सभासदत्वाची कल्पना मुंबईला नवी नाही. नव्वदीच्या दशकाच्या आरंभी, इंटरनेट सर्वसामान्यांना मिळण्यापूर्वी, या शहरात ‘बुलेटिन बोर्ड’ चालत असत. एक संगणक, एक मोडेम आणि टेलिफोनची तार, एवढाच त्यांचा पसारा. सभासद रात्री फोन लावून निरोप ठेवीत आणि वाटून घेण्यास मुभा असलेली छोटी सॉफ्टवेअरे उतरवून घेत. 1994 साली दूरसंचार खात्याने अशा बोर्डांकडून जबर परवाना शुल्क घेण्याचा घाट घातला तेव्हा चालकांनी त्याला कडाडून विरोध केला होता. पुढे 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सेवा सुरू केली. विद्यार्थ्यांसाठी वर्षाला 500 रुपयांचे खाते होते, त्यात नुसती अक्षरे दिसत, चित्रे नाहीत. 1998 च्या नोव्हेंबरमध्ये खासगी कंपन्यांना मुभा मिळाली आणि तासांची पाकिटे दुकानांतून विकली जाऊ लागली. या सर्व व्यवहारांत एक गोष्ट समान होती. वर्गणी संपली की तार तुटे, पण फ्लॉपीवर उतरवलेले सॉफ्टवेअर आणि त्यात केलेले काम आपल्याच कपाटात राही.

दुसरीकडे लॅमिंग्टन रोड होता. त्याचे सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण गिऱ्हाईक ते नाव घेत नाही. संगणकाचा एकेक सुटा भाग तेथे मिळे, आणि चोरून उतरवलेल्या सॉफ्टवेअरच्या सीडीही मिळत. 2009 साली अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधींच्या कार्यालयाने नकली मालाच्या कुप्रसिद्ध बाजारांत या रस्त्याचे नाव घातले. आपले पुष्कळ छोटे व्यावसायिक अशाच सीडींवर उभे राहिले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्याचे समर्थनही करता येणार नाही. कॉपीराइट कायद्यात 1994 साली झालेल्या आणि 1995 च्या मे महिन्यापासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, नकली सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. व्यापारासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते. दुकानदाराला ती सवड नाही. शरीअतच्या दृष्टीनेही हा प्रश्न मोकळा राहिलेला नाही. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्‌ह अकादमीने 1988 साली कुवेत येथील अधिवेशनात लेखन आणि शोध यांवरील हक्क मालकीचे मानले आणि त्यांवर अतिक्रमण करणे जायज नाही, असा ठराव केला आहे. तेव्हा चोरीचा माल हा सवलतीला पर्याय नव्हे, एवढे गृहीत धरून पुढे जाऊ.

मधल्या काळात विक्रीची रीतच बदलली. पूर्वी सॉफ्टवेअरची पेटी एकदा विकत घेतली की ती पुष्कळ वर्षे चाले. 2013 साली अ‍ॅडोबी कंपनीने आपल्या चित्र व मांडणीच्या सॉफ्टवेअरच्या पुढील आवृत्त्या केवळ वर्गणीवर देण्याचे जाहीर केले आणि इतर अनेक कंपन्याही त्याच मार्गाने गेल्या. आता आपण सॉफ्टवेअर विकत घेत नाही, भाड्याने घेतो. भाड्यात मुळात वाईट काही नाही. दुकानाचा गाळाही आपण भाड्यानेच घेतो. पण गाळा सोडताना आपण आपला माल बाहेर काढतो. येथे मालच भाड्याच्या कुलपात अडकतो.

आता आकडे मांडू. समजा, एका सॉफ्टवेअरची वर्षाची वर्गणी 12,000 रुपये आहे आणि क्लबाच्या सभासदाला पहिल्या वर्षी ते 6,000 ला मिळते. निम्मी किंमत! पण पाच वर्षांचा खर्च 6,000 अधिक चार वेळा 12,000, म्हणजे 54,000 होतो. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला की 63,720. पाच वर्षांच्या हिशेबात सवलत भरते दहा टक्के, आणि तीही मधल्या काळात दर वाढला नाही तर. ज्याची सेवांची उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या आत आहे आणि ज्याने जीएसटी नोंदणी केलेली नाही, त्याला हा कर परत मिळत नाही. नोंदणी असलेल्यालाही बिलावर आपले नाव व जीएसटी क्रमांक असल्याशिवाय वजावट मिळत नाही. क्लबाच्या नावावरचे बिल आणि हातात नुसती पावती, असा व्यवहार असेल तर तो येथेच तोट्यात जातो.

पैशांहून मोठी गोष्ट फाइलींची. अडकून पडणे म्हणजे काय, हे आपल्या छपाईच्या धंद्याने वर्गणीचा जमाना येण्यापूर्वीच पाहिले आहे. मराठी डीटीपीत श्री-लिपीसारखी सॉफ्टवेअरे आली तेव्हा खिळे जुळवण्याचे कष्ट संपले, छोट्या गाळ्यात छापखाना मावू लागला, हे उपकार मान्यच केले पाहिजेत. पण त्या काळच्या फॉन्टांत अक्षरांची अंतर्गत संकेतपद्धती ज्या-त्या कंपनीची स्वतःची होती. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की अक्षरांऐवजी चिन्हांचा कचरा दिसे. सॉफ्टवेअर चालवायला संगणकाच्या पाठीमागे ‘डोंगल’ नावाची कुलपाची किल्ली लावावी लागे. ती हरवली की काम बंद. उर्दूत हेच इनपेजबाबत घडले. 1994 साली दिल्लीच्या कंपनीने ते बाजारात आणले आणि नस्तालीक अक्षर पडद्यावर आले. कातिबांच्या हातचे काम त्याने घेतले, पण जुन्या आवृत्त्यांतील फाइली इनपेजबाहेर सरळ वाचता येत नाहीत. त्यांचे रूपांतर करावे लागते.

वास्तविक सर्व लिप्यांना एकच संकेत देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 सालीच निघाली होती आणि तिच्यात देवनागरी होती. तरीही 2001 साली आलेल्या पेजमेकरच्या शेवटच्या आवृत्तीवर आणि जुन्या फॉन्टांवर चालणारे संगणक आजही जपून ठेवलेले आढळतात. ते हौसेखातर नव्हे. वीस-वीस वर्षांच्या पत्रिका, अहवाल आणि स्मरणिका त्या फाइलींत आहेत, आणि गिऱ्हाईक येऊन म्हणते, ‘थोरल्याच्या लग्नात छापली होती तशीच द्या.’

डोंगल निदान आपल्या टेबलाच्या खणात असे. वर्गणीचे कुलूप दूरच्या संगणकावर आहे आणि किल्ली कंपनीकडे. म्हणून सभासद होण्यापूर्वी पहिली चौकशी ही करावी: वर्गणी बंद झाल्यावर माझी फाइल उघडेल का? नुसती उघडेल की दुरुस्तही करता येईल? दुसऱ्या सॉफ्टवेअरला समजेल अशा स्वरूपात सर्व काम एकदम बाहेर काढता येईल का? हिशेबाच्या क्षेत्रात टॅलीची विक्रीची रीत या बाबतीत पाहण्यासारखी आहे. कायमचा परवाना घेतलेल्याची वार्षिक सेवा संपली तर नव्या आवृत्त्या आणि ऑनलाइन सोयी थांबतात, पण आहे त्या आवृत्तीत हिशेब लिहिणे चालू राहते. वर्गणी असावी तर अशी, असे आम्हाला वाटते.

ऑनलाइन सेवांत आणखी एक खाच आहे. सभासदाला वेबसाइट ‘मोफत’ मिळते, पण तिचे नाव कोणाच्या खात्यावर नोंदले जाते? ते क्लबाच्या किंवा मधल्या दलालाच्या खात्यावर असेल तर दुकानाच्या पाटीचा मालक दुसराच झाला. भेटकार्डावर, पत्रिकेच्या कोपऱ्यात, टेम्पोच्या पाठीवर छापलेला पत्ता एक दिवस बंद पडतो आणि तो परत मिळवण्यासाठी मागतील ती रक्कम द्यावी लागते. नाव स्वतःच्या नावे, स्वतःच्या फोन आणि ईमेलवर नोंदवावे. देवनागरीत .भारत हे नावही 2014 पासून मिळते.

वर्गणी रद्द करणे हा स्वतंत्र विषय आहे. अमेरिकेत 2024 च्या जूनमध्ये सरकारने अ‍ॅडोबीवर खटला भरला. वार्षिक करार मध्येच सोडल्यास द्यावे लागणारे शुल्क ग्राहकापासून झाकून ठेवले आणि रद्द करणे मुद्दाम अवघड केले, असा आरोप होता. आपल्याकडे 30 नोव्हेंबर 2023 रोजी केंद्र सरकारने ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांतील 13 प्रकारांत वर्गणीचा सापळा आहे आणि सॉफ्टवेअर सेवेच्या नावाने गुपचूप वसुली करणे हाही वेगळा प्रकार नोंदलेला आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे 1 ऑक्टोबर 2021 पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना किमान 24 तास आधी द्यावी लागते. तो संदेश न वाचता पुसून टाकण्याची आपली सवय मात्र कोणताही नियम मोडू शकत नाही. दुकानदार हा ग्राहक नव्हे, असे सांगून कोणी वाटेला लावू पाहील तर त्याला 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा दाखवावा. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार त्या कायद्यात ग्राहकच आहे, आणि तो राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाला शुल्क लागत नाही.

मग क्लब नकोतच का? आमचे म्हणणे तसे नाही. उलट, आज ज्यांना क्लब म्हटले जाते ते बहुधा विक्रेत्याने आपल्या गिऱ्हाइकांना दिलेले गोड नाव असते. खरा क्लब खरेदीदारांचा असावा. याची शिकवणी घ्यायला या भागाला दूर जावे लागत नाही. 1948 साली नायगावात गिरणी कामगारांच्या वस्तीत अपना बाजार उभा राहिला. 1975 पासून मुंबई ग्राहक पंचायतीचे सभासद शेजारपाजारच्या कुटुंबांचे गट करून, मागणीच्या याद्या एकत्र करून घाऊक भावात माल घेत आले आहेत. एका रस्त्यावरच्या वीस डीटीपीवाल्यांनी, मग दुकान मोहम्मद अली रोडवरचे असो की रानडे रोडवरचे, मिळून एका विक्रेत्याकडे जावे आणि पहिल्या वर्षाच्या सवलतीऐवजी पुढील तीन वर्षांचा ठरलेला दर लेखी मागावा. वीस गिऱ्हाइके एकदम जाण्याची भीती हीच आपली ताकद.

यात एक पथ्य कडकपणे पाळावे लागेल. एक परवाना घेऊन तो वीस दुकानांत फिरवणे म्हणजे पुन्हा लॅमिंग्टन रोडच्या सीडीवर येणे होय. संस्थांना मिळणारा घाऊक परवाना त्या एका संस्थेपुरता असतो. वेगवेगळ्या मालकांची दुकाने म्हणजे एक संस्था नव्हे. तेव्हा भाव एकत्र ठरवावा, परवाना आणि बिल ज्याच्या-त्याच्या नावाने घ्यावे.

आणि काही कामांसाठी परवान्याचे पैसेच लागत नाहीत, हेही या गटाने तपासून पाहावे. पत्रव्यवहार व तक्त्यांसाठी 2010 साली निघालेले लिब्रेऑफिस मराठी मेनूंसह मिळते. पानांच्या मांडणीसाठी स्क्रायबस आहे, चित्रांसाठी इंकस्केप आणि गिंप. मुंबईच्याच एक टाइप या संस्थेचे मुक्ता, बलू हे देवनागरी फॉन्ट धंद्यासाठीही मोफत आहेत. हे सर्व सॉफ्टवेअर विकतच्या बरोबरीचे आहे, असा दावा आम्ही करणार नाही. छपाईला लागणाऱ्या चार रंगांच्या बाबतीत इंकस्केप कमी पडते. ते काम स्क्रायबसकडून करून घ्यावे लागते, आणि कोरलवर हात बसलेल्या कारागिराला नवी कळफलके शिकताना पहिले काही दिवस चिडचिड होणारच. म्हणून हा प्रयोग गणपतीच्या तोंडावर किंवा लग्नसराईत करू नये. मोहरमच्या दिवसांत आणि पितृपक्षाच्या पंधरवड्यात पत्रिकांची कामे कमी असतात. त्या वेळी एका संगणकावर जुनी एखादी पत्रिका नव्याने मांडून, छापून पाहावी आणि मगच वर्गणीच्या नूतनीकरणाचा फॉर्म हातात घ्यावा.