पालिकेची सूचना घरात कशी वाचावी?



पावसाळा सुरू झाला, की मुंबई महानगरपालिकेच्या सूचना वर्तमानपत्रांतून, सोसायटीच्या फलकावरून आणि मोबाइलवरून आपल्यापर्यंत येऊ लागतात. मोठ्या भरतीचे दिवस कोणते, घरात पाणी का साठू देऊ नये, तुंबलेल्या पाण्यातून का चालू नये, हा त्यांतील नेहमीचा मजकूर. दरवर्षी तेच वाचून आपली नजर त्यावरून सहज पुढे सरकते. मात्र ही सूचना साऱ्या शहरासाठी लिहिलेली असते. आपल्या घरातील ऐंशी वर्षांच्या आजोबांसाठी तिचा अर्थ काय, हे आपणच लावायचे असते.

प्रथम भरतीचे वेळापत्रक पाहू. साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस झाला, तर पाण्याचा समुद्राकडे जाणारा मार्ग अडतो आणि सखल भाग जलमय होतात. २६ जुलै २००५ चा अनुभव आपण विसरलेलो नाही. म्हणून रुग्णालयातील तपासणी, बँकेचे काम किंवा डायलिसिसची फेरी ठरवताना हे वेळापत्रक दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे. नियमित औषधांचा किमान आठवडाभराचा साठा घरात असावा. तुंबलेल्या पाण्याखालचा रस्ता दिसत नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पुरात याच शहरातील एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्युमुखी पडले. काठीच्या आधाराने चालणाऱ्याने तर अशा पाण्यात पाऊल टाकूच नये.

दुसरी सूचना लेप्टोस्पायरोसिसची. उंदीर, कुत्री, गुरे यांच्या मूत्रातून हे जंतू पाण्यात मिसळतात आणि त्वचेवरील जखमेतून शरीरात शिरतात. येथे मधुमेही ज्येष्ठांनी विशेष सावध राहावे. तळपायाची संवेदना मंदावली असेल, तर जखम असूनही ती जाणवत नाही. ‘मला कुठेही लागलेले नाही’ या शब्दांवर विसंबू नका. पाय साबणाने धुऊन, कोरडे करून, बोटांमधील जागा आणि टाचा स्वतः पाहा. ताप येण्याची वाट न पाहता, शक्यतो चोवीस तासांच्या आत आणि फार तर बहात्तर तासांच्या आत डॉक्टरांना किंवा पालिकेच्या दवाखान्यात दाखवा. प्रतिबंधक औषध द्यायचे की नाही, हे तेथेच ठरू द्या. शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका.

तिसरी सूचना डेंग्यूची. ‘पाणी साठवू नका’ असे वाचून ज्यांच्याकडे दिवसातून थोडाच वेळ पाणी येते, त्यांना हसू येणे स्वाभाविक आहे. साठवणे टळत नसेल, तर पिंप घट्ट झाकावे आणि आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. ते चक्र मध्येच तोडायचे असते. पिंपाची आतील बाजू घासणेही आवश्यक, कारण भिंतीला चिकटलेली अंडी कोरड्यातही महिनोन्महिने तग धरतात. कुंड्यांखालच्या ताटल्या आणि फ्रिजमागचा ट्रे विसरू नका. हा डास दिवसा चावतो, म्हणून आजींच्या दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी हवी.

तापात आणखी एक काळजी घ्यावी. डेंग्यूच्या संशयात ॲस्पिरिन व आयबुप्रोफेन टाळतात. परंतु हृदयविकारासाठी डॉक्टरांनी रोज दिलेली ॲस्पिरिन परस्पर बंद करू नका. त्याच दिवशी त्यांना विचारा. वृद्धांमध्ये ताप अंगाला फारसा जाणवतही नाही. अचानक सुस्ती, असंबद्ध बोलणे, जेवण नकोसे होणे किंवा लघवी कमी होणे, याच खुणा प्रथम दिसू शकतात.

शेवटी दाराचा प्रश्न. डासांची पैदास तपासण्यासाठी पालिकेचे कर्मचारी घरोघरी येतात. एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांना अनोळखी माणसाला आत घेण्याची भीती वाटते आणि ती रास्त आहे. दाराची साखळी न काढता ओळखपत्र मागावे, शेजाऱ्यांना बोलवावे, शंका असल्यास विभाग कार्यालयात फोन करून खात्री करावी. खऱ्या कर्मचाऱ्याला याचा राग येत नाही. खात्री पटल्यावर मात्र त्याला परत पाठवू नका. आपल्या टाकीतील डास साऱ्या मजल्याला चावतो.

आज एवढेच करा. एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा : पालिकेचा आपत्कालीन कक्ष १९१६, रुग्णवाहिका १०८, ज्येष्ठ नागरिक मदतवाहिनी १४५६७. त्याखाली आपल्या डॉक्टरांचा आणि एका शेजाऱ्याचा क्रमांक लिहा. तो कागद आजी-आजोबांच्या नजरेच्या उंचीवर, फोनजवळ लावा आणि त्यांच्याकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या. अक्षर त्यांना चष्म्याविना वाचता येते का, तेही त्याच वेळी कळेल.