आधी टेबलाची उंची मोजा

मनगट आत पूर्ण वाकवा आणि मूठ घट्ट आवळून पाहा. जोर लागत नाही! बोटे ओढणारे मुख्य स्नायू कोपर व मनगट यांच्या दरम्यान असतात. त्यांच्या दोरीसारख्या नऊ कंडरा एका मज्जातंतूसह मनगटातील अरुंद बोगद्यातून तळहातात येतात. मनगट आत वा बाहेर वाकले की बोगद्यातील दाब वाढतो. शिवाय वळणावर दोरी घासावी तशा कंडरा घासतात. तासन्‌तास माउस फिरविणाऱ्याचे मनगट दुखण्याचे हे एक मोठे कारण.

म्हणून मलम किंवा मनगटपट्टा यांच्याआधी टेबलाकडे पाहावे, असे माझे मत आहे. शाळांतील संगणकाची टेबले पुष्कळदा मोठ्या माणसांच्या मापाची असतात. पाचवीतल्या मुलाचा खांदा उचलला जातो, मनगट मुडपते. तेथे खुर्ची उंच करून पायांखाली पाट द्यावा. कोपर काटकोनात, मनगट सरळ, माउस कीबोर्डलगत आणि हालचाल कोपरापासून, हे माउस हाती देण्यापूर्वीच शिकवावे. अर्ध्या तासाने हात मोकळा सोडावा. बोटांना मुंग्या येत राहिल्या किंवा बधिरपणा वाटू लागला, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

पेन्सिल कशी धरावी हे आपण पहिलीतच शिकवतो. मग माउसला तोच न्याय का नसावा?