हत्ती गेला, शेपूट राहिले

हत्ती गेला आणि शेपूट राहिले, ही म्हण आपण बहुधा हसत हसत वापरतो. अवघड ते पार पडले, आता किरकोळ तेवढे उरले, असा दिलासा तीत असतो. परंतु काही कामांचा जीव त्या शेपटातच अडकलेला असतो. रुग्णालयाच्या किंवा कारखान्याच्या मुख्य संगणकाची, म्हणजे सर्व्हरची, ऑपरेटिंग सिस्टीम बदलणे हे अशा कामांपैकी एक होय. एका बालरोगतज्ज्ञाने या विषयावर लेखणी उचलावी याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण ज्या नोंदी पाहून आपण औषधाची मात्रा ठरवतो, लसीची पुढची तारीख देतो, वाढीचा आलेख काढतो, त्या नोंदी आता या यंत्राच्या पोटात गेलेल्या आहेत. तेव्हा हा विषय केवळ इंजिनिअर मंडळींचा राहिलेला नाही.

आपल्या परिसराकडेच पाहावे. बीदरलगतच्या कोळार औद्योगिक वसाहतीतील औषधनिर्मितीचे कारखाने असोत, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद येथील रुग्णालये असोत की कलबुर्गीतील निदानकेंद्रे, हिशेब, साठा आणि तपासण्यांचे अहवाल आता संगणकावरच असतात. या संगणकांच्या ऑपरेटिंग सिस्टीमला आयुर्मर्यादा असते. निर्माती कंपनी ठरावीक वर्षेच सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवते. विंडोज सर्व्हर २००८ ची ही मुदत १४ जानेवारी २०२० रोजी संपली, २०१२ ची १० ऑक्टोबर २०२३ रोजी, आणि टेबलावरच्या साध्या संगणकांतील विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. विंडोज सर्व्हर २०१६ साठी १२ जानेवारी २०२७ ही तारीख ठरलेली आहे. म्हणजे हे काम आज ना उद्या प्रत्येकाच्या दारी येणारच.

ते होते कसे, हेही आपण जाणतो. रविवारी बाह्यरुग्ण विभाग बंद असतो. हैदराबादहून किंवा सोलापूरहून इंजिनिअर येतो, दिवसभर राबतो. सायंकाळी पडदा उजळतो, एक बिल छापून दाखविले जाते, चहा होतो, पैसे चुकते होतात आणि पाहुणा गाडी गाठतो. सोमवारी सकाळी रांग लागते आणि काम सुरू होते. माझे प्रतिपादन एवढेच की पडदा उजळला त्या क्षणी काम संपलेले नसते. संस्थेने ते स्वतः तपासून ताब्यात घेतले म्हणजेच ते संपते. आणि हे तपासणे ज्यांना नोंदींचा अर्थ कळतो त्यांनी, म्हणजे डॉक्टरांनी, परिचारिकांनी आणि हिशेबनीसांनी करावयाचे असते.

आपल्या व्यवसायाला ही शिस्त परकी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी एक तपासणी-सूची दिली. तिचे टप्पे तीन: भूल देण्यापूर्वीचा, छेद घेण्यापूर्वीचा आणि रुग्ण शस्त्रक्रियागृहातून बाहेर जाण्यापूर्वीचा. या तिसऱ्या टप्प्यात गॉज, सुया व हत्यारे मोजून तो आकडा मोठ्याने उच्चारावयाचा असतो. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत ही सूची वापरून पाहिली गेली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलेले दिसले. सूचीत नवे ज्ञान असे काहीच नव्हते. ठाऊक असलेलेच न चुकता करावे, इतकेच. सर्व्हरच्या बाबतीत पहिले दोन टप्पे आपण कसेबसे पाळतो. तिसरा टप्पा मात्र आपल्याकडे नसतोच.

आता माझ्या विषयातील एक उदाहरण घेऊ. नवी ऑपरेटिंग सिस्टीम घालताना देश व भाषा यांची मांडणी निवडावी लागते. तेथे लक्ष दिले नाही तर ती पुष्कळदा अमेरिकन पद्धतीची राहते. अमेरिकन पद्धतीत आधी महिना व नंतर दिवस लिहितात. रुग्णालयाचे सॉफ्टवेअर तारखेसाठी या मांडणीवर विसंबून असेल, तर ५ एप्रिलला जन्मलेल्या बाळाची ०५/०४ ही नोंद ४ मे अशी वाचली जाईल. सहा आठवड्यांची पेंटाव्हॅलंट लस त्याला १७ मे रोजी द्यावयाची. संगणक १५ जूनची तारीख सुचवील. डांग्या खोकल्यासारख्या आजाराचा सर्वांत मोठा धोका आयुष्याच्या पहिल्या महिन्यांतच असतो, आणि त्याच काळातले चार आठवडे ते बाळ लसीविना राहील. यातली खरी गोम पुढेच आहे. २५ एप्रिलला जन्मलेल्या बाळाची नोंद अशी फिरत नाही, कारण पंचविसावा महिना नसतो. घोटाळा होतो तो महिन्याच्या पहिल्या बारा तारखांपुरता. चाचणीसाठी उघडलेली नोंद विसाव्या-पंचविसाव्या तारखेची असेल तर सारे आलबेल दिसेल. इंजिनिअर कितीही निष्णात असला तरी जन्मतारीख पाहून ‘हे बाळ एवढे लहान कसे?’ असा प्रश्न त्याला पडणार नाही. तो आपल्यालाच पडावा लागतो.

दुसरा प्रश्न आपल्या सीमाभागाचा खास म्हणावा असा आहे. येथे एकाच रुग्णाचे नाव मराठीत, कन्नडात आणि इंग्रजीत अशा तिन्ही भाषांत नोंदलेले आढळते. वीस वर्षांपूर्वी मराठी मजकूर पुष्कळ ठिकाणी पुण्यात तयार झालेल्या श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएम या सॉफ्टवेअरवर टंकिला जाई, आणि कन्नड मजकूर नुडीवर. त्या काळच्या त्या फॉन्टांत अक्षरांचे सांकेतिक क्रमांक ज्याचे त्याचे वेगळे असत. नव्या यंत्रावर तो जुना फॉन्ट नसला की ‘कुलकर्णी’ किंवा ‘बिरादार’ या नावांच्या जागी निरर्थक चिन्हांची माळ उमटते. माहिती नष्ट झालेली नसते. वाचण्याची किल्ली हरवलेली असते. ज्यांच्या घरी निजामी अमदानीतले उर्दू दस्त किंवा त्याआधीची मोडी कागदपत्रे आहेत, त्यांना हे दुःख निराळे समजावून सांगावयास नको. कागद शाबूत आहे, पण घरात तो वाचणारा कोणी नाही. यावर उपाय आहे. जुने फॉन्ट जपून ठेवावेत, मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा, आणि रूपांतरानंतर रफार व जोडाक्षरे असलेली नावे डोळ्यांखालून घालावीत. नाव चुकले तर शोध घेताना तो रुग्ण सापडणारच नाही, आणि त्याच्या नावाने दुसरी, कोरी नोंद उघडली जाईल. पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली आहे ती जुन्या नोंदीत.

तिसरी गोष्ट बॅकअपची. ऑपरेटिंग सिस्टीम बदलली की रोज रात्री आपोआप होणारा बॅकअप पुष्कळदा मुकाट्याने बंद पडतो. त्याला दिलेला पासवर्ड बदललेला असतो, किंवा ज्या डिस्कवर तो जायचा तिचे नाव बदललेले असते. कोणाला पत्ता लागत नाही, कारण बॅकअप नसल्याने रोजचे काम अडत नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि देशातील सर्वांत नामांकित रुग्णालयाला काही दिवस कागद-पेनावर काम करावे लागले. हल्ल्याचा स्पर्श न झालेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळविण्यात आली, असे सरकारने संसदेत सांगितले. तेथे तो सर्व्हर होता म्हणून निभावले. आपल्याकडे असा वेगळा ठेवलेला साठा आहे काय, आणि तो उघडून पाहिला आहे काय, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

बीदरकरांना तर यासाठी दिल्लीपर्यंत जाण्याचेही कारण नाही. महमूद गवानचा मदरसा १४७२ साली पूर्ण झाला. त्याच्या ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखिते होती असे सांगतात. १६५७ साली बीदर औरंगजेबाच्या हाती गेले. पुढे त्या वास्तूत बंदुकीच्या दारूचा साठा ठेवला गेला आणि स्फोटात इमारतीचा मोठा भाग कोसळला. उरलेला मिनार आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो. ती ग्रंथसंपदा मात्र आज तेथे नाही. एकाच छपराखाली ठेवलेल्या ज्ञानाचे काय होऊ शकते, याचा याहून जवळचा दाखला कोठे मिळणार?

चौथी गोष्ट उघड्या राहिलेल्या दारांची. काम करताना इंजिनिअरला तात्पुरते सर्वाधिकार द्यावे लागतात, अँटिव्हायरस व फायरवॉल थोडा वेळ बंद ठेवावे लागतात, दुरून जोडणी करण्याचे सॉफ्टवेअर घालावे लागते. जुना प्रिंटर किंवा स्कॅनर चालावा म्हणून फायलींची देवाणघेवाण करण्याची एसएमबी आवृत्ती १ ही कालबाह्य पद्धतही कधी कधी पुन्हा सुरू केली जाते. काम आटोपल्यावर ही सारी दारे लावावयाची असतात. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने याच जुन्या पद्धतीतील दोषावाटे जगभर धुमाकूळ घातला. त्या दोषावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, दिलेली होती. तरीही इंग्लंडमधील सरकारी आरोग्यसेवेच्या सुमारे एक तृतीयांश ट्रस्टांना फटका बसला आणि १९,००० हून अधिक रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या असा अंदाज निघाला. औषध उपलब्ध होते. ते रुग्णापर्यंत पोहोचले नव्हते. आपल्याला ही गोष्ट फार ओळखीची वाटावी.

यावर काही आक्षेप येतील, आणि ते निराधार नाहीत. एकट्याने चालविलेल्या वीस खाटांच्या रुग्णालयाला एवढा वेळ कोठून आणावयाचा? शिवाय ज्याला पैसे मोजले त्यानेच हे करावे, हेही म्हणणे रास्त आहे. पण वेळेचा हिशेब करून पाहावा. विचारपूर्वक निवडलेल्या दहा जुन्या नोंदी उघडून पाहावयास एक तास पुरतो. त्यांत एक सर्वांत जुनी असावी, एक जुळ्यांची, एक ‘बेबी ऑफ’ म्हणून नोंदवून नंतर नाव बदललेली, एक महिन्याच्या पहिल्या बारा तारखांत जन्मलेल्या बाळाची, एक मराठीत व एक कन्नडात नाव असलेली. सर्व्हर मुद्दाम एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा, म्हणजे वीज गेल्यानंतर सारे आपोआप उभे राहते की नाही ते कळेल. यूपीएसचे सॉफ्टवेअर पुन्हा घातले आहे की नाही तेही त्याच वेळी दिसेल. बॅकअप दुसऱ्या संगणकावर उतरवून पाहण्यास अर्धा दिवस लागेल. पैशांचे म्हणाल तर अखेरचा हप्ता पंधरा दिवस राखून ठेवण्याची अट आधीच घालावी. घर बांधताना आपण कंत्राटदाराला असेच वागवतो, आणि चांगला कंत्राटदार त्याचा राग धरीत नाही.

जुन्या सर्व्हरची डिस्क भंगारात देण्याची घाई करू नये. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णांचे कागद तीन वर्षे जपावे लागतात आणि मागणी झाल्यास ७२ तासांत द्यावे लागतात. बालरुग्णांच्या बाबतीत जबाबदारी अधिक लांबते, कारण १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम ६ अन्वये अज्ञान व्यक्तीला सज्ञान झाल्यावरही दावा करण्याची संधी असते. नव्या यंत्रावर सारे उतरले याची खात्री होईपर्यंत ती डिस्क कुलपात राहू द्यावी आणि नंतर ती नष्ट करावी. तशीच विकली तर शेकडो कुटुंबांची गुपिते बाजारात जातात.

आपल्या संघटनेला माझी एक सूचना आहे. एका पानाची तपासणी-सूची मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत तयार करावी आणि सदस्यांना वाटावी. ती भरताना शेजारच्या रुग्णालयातील एका सहकाऱ्याला बोलवावे, कारण स्वतःच्या घरातील धूळ स्वतःला दिसत नाही. कोळारच्या कारखान्यांतील संगणक विभागांचे जाणकार आपल्याच समाजात आहेत. त्यांनी वर्षातून एक रविवार यासाठी द्यावा आणि आपण त्यांच्या कामगारांच्या मुलांची तपासणी करून त्याची परतफेड करावी. असा व्यवहार उभयपक्षी शोभून दिसेल.

तोवर प्रत्येकाने एवढे तरी करावे. सर्व्हर बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी ‘चालू झाला का?’ असे विचारू नये. ‘पाच वर्षांपूर्वीच्या अमुक मुलाचा कागद दाखवा’ असे म्हणावे. तो कागद पडद्यावर आला, नाव बरोबर आहे, जन्मतारीख बरोबर आहे, ॲलर्जीची नोंद जागच्या जागी आहे, हे आपल्या डोळ्यांनी पाहावे, आणि मगच सही करावी.